करून पाहा किंवा बसवा

४ जानेवारी

मामी,

तीर्थरूप वगैरे लिहायला घेतलं होतं. पण ते वाचून तू हसतेस आणि मामांनाही वाचून दाखवतेस, म्हणून सरळ मामी.

पाकिटात बोटाच्या पेराएवढं जे प्लास्टिक आहे तो पेनड्राइव्ह. फेकू नकोस. मागे मी दिलेलं चार्जरचं टोक तू औषधाचं झाकण समजून टाकून दिलं होतंस.

फोन का करत नाही, असं आईने विचारलं. मी म्हटलं, मामीच म्हणाली, 'फोनवर तू दोन मिनिटांत भडकतोस आणि ठेवून देतोस. लिहीत जा, पान संपेपर्यंत तरी थांबशील.' शिवाय माझ्याकडे फोन उरलेला नाही. तुमच्या जिन्यात वरच्या काकांशी भांडताना भिंतीवर आपटला तो शेवटचा.

आईकडून मामांचं कळलं. ऑपरेशनात स्वरयंत्रच काढलं आणि आता आवाज येणार नाही. हात थरथरतो म्हणून त्यांनी लिहिलेलं तुला लागत नाही, मग ते पाटी आपटतात. आपटायची सवय मला कुठून आली हे आता सगळ्यांना कळलं असेल.

तर माझं ऐक. मामांचा जुना लॅपटॉप कपाटावर पडला आहे, तो काढ. सोबत वायरवाला वेगळा कीबोर्ड आहे, तोही. मामांनी ऑफिसात जन्मभर मराठी टाइप केलं, तेही न बघता, शेजारच्याशी गप्पा मारत. हात थरथरला तरी कळ ही कळच असते, दाबली की अक्षर उमटतं. कीबोर्ड त्यांच्या पोटावर ठेव, स्क्रीन तुझ्याकडे तोंड करून. ते टाइप करणार, तू वाचणार. झालं बोलणं सुरू.

अडचण एकच. लॅपटॉपमधली जुनी सिस्टीम मेली आहे. म्हणून पेनड्राइव्हवर दुसरी घालून पाठवतोय. ही कोणा एका कंपनीची नाही. कुठकुठल्या लोकांनी मिळून लिहिली आहे आणि आतला सगळा मजकूर उघडा ठेवला आहे, कोणीही बघावा, कोणीही सुधारावा. मी गिऱ्हाइकांना 'फुकटची' म्हणतो, तर आमच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानाचे मालक चिडतात. म्हणतात, 'मुक्त म्हण रे, मुक्त. फुकट तू आहेस.'

आता नीट वाच. बॅटरी संपलेली आहे, त्यामुळे वायर कायम लावलेली हवी. पेनड्राइव्ह डाव्या बाजूच्या खाचेत घाल. जात नसेल तर उलटा करून घाल. तरी जात नसेल तर पुन्हा उलटा कर, ते तसंच असतं. मग बटण दाबून मशिन चालू कर आणि लगेच वरच्या ओळीतली F12 ही कळ दारावर टकटक करतात तशी दाबत राहा. एक यादी येईल, त्यातला पेनड्राइव्ह निवड. भाषा विचारेल, मराठी सांग. मग दोन चौकटी येतील, एकीत 'करून पाहा', दुसरीत 'बसवा'. तू 'करून पाहा' दाब. त्यात सिस्टीम पेनड्राइव्हवरूनच चालते, मशिनच्या पोटात जात नाही. मशिनला मानवलं तर 'बसवा' कसं करायचं ते पुढच्या पत्रात लिहितो. त्यात जुनं सगळं पुसलं जातं, आणि तुझ्या हातून इतक्यात काही पुसलं जायला नको.

शेवटचं काम कीबोर्डचं. तो आधी इंग्रजीवर असतो. सेटिंगमध्ये जाऊन 'कळफलक' शोध, मराठी जोड, इंग्रजी काढून टाक. हे एकदाच करायचं, मग बघायला नको.

वरच्या काकांची मुलगी दिसते का? जिन्यात, गच्चीवर, कुठेही? मी कॉलेज तिच्यासाठी सोडलं असं सगळे म्हणतात, ते खोटं आहे. मी सरांशी भांडलो म्हणून सोडलं. सर तिच्याबद्दल बोलले होते, ही गोष्ट वेगळी.

तुझा भाचा


११ जानेवारी

प्रिय भडकू,

आशीर्वाद आधीच देऊन ठेवते, शेवटी कागदाला जागा राहत नाही.

झालं बाबा. पेनड्राइव्ह तिसऱ्यांदा उलटा केल्यावर गेला. मी ती F12 इतकी वाजवली की ह्यांनी पलंगावरून खूण केली, कोण आलंय बघ. यादी आली, भाषा आली, दोन चौकटी आल्या. मी 'करून पाहा' दाबलं. कळफलकासाठी दुपार गेली. मराठी जोडली, इंग्रजी काढली. तू लिहिलंस तसं एकदाच करायचं म्हणून मन घट्ट करून केलं.

मग कीबोर्ड ह्यांच्या पोटावर ठेवला, खाली उशी दिली. लॅपटॉप माझ्यापुढे स्टुलावर. ह्यांनी छताकडे बघत बोटं ठेवली, थोडा वेळ नुसती ठेवली. मग टकटक सुरू. पहिलं वाक्य आलं: 'चहा रोज फिका होतो आहे.'

ऑपरेशन झाल्यापासून पोटात ठेवलेलं वाक्य, आणि ते चहाचं. मी म्हटलं, अहो, डॉक्टरांनी साखर कमी सांगितली आहे. तर लगेच: 'डॉक्टर पितो का हा चहा.' प्रश्नचिन्ह नव्हतं, ते मी त्यांना सांगितलं. खाली तुझ्यासाठी निरोप आला: 'भाच्याला सांग, गाढवा, प्रश्नचिन्ह कुठे गेलं.'

मी म्हटलं, स्क्रीन तुमच्याकडे फिरवू का, बरोबर उमटतंय का बघा. तर म्हणाले, म्हणजे टाइप केलं, 'टायपिस्ट उमटलेलं बघत नसतो.' मग मीच वाचते आणि तोंडाने उत्तर देते. शेजारच्या बाईला वाटतं मी एकटीच बडबडते.

आता दिवसभर चालू असतं. मशिन मी बंदच करत नाही, पुन्हा टकटक कोण करणार? मशिनला मानवलं आहे. पुढचं 'बसवा' काय ते लिही.

वरची जिन्यात भेटली. ह्यांची चौकशी केली. तुझी केली नाही. तू विचारलंस म्हणून लिहिलं, नाहीतर लिहिणार नव्हते.

मामी


१९ जानेवारी

मामी,

तिचं ठरलं. तू लिहिलं नाहीस, पण मला कळलं. कॉलेजातला मित्र दुकानात मॉनिटर घेऊन आला होता, त्याने सांगितलं. म्हणाला, 'तुला माहीत असेल ना?' मी म्हटलं, हो. मॉनिटर उघडला, आतली धूळ फुंकली. एक स्क्रू उरला. मी तसाच बंद करून दिला.

मला वाटलं होतं मी काहीतरी फोडेन. मालकांनाही वाटलं असणार, त्यांनी टेबलावरचा करंट मोजायचा मीटर उचलून आत नेऊन ठेवला. पण काही झालं नाही. हात बराच वेळ बर्फात धरला की मग गरम-गार सारखंच वाटतं ना, तसं काहीतरी. जेवतो, झोपतो, गिऱ्हाइकाला 'बंद करून चालू करून बघा' म्हणतो.

मी तिला तीनदा विचारलं होतं. प्रत्येक वेळी ती म्हणाली, 'बघू.' नाही म्हणाली असती तर मी मान खाली घालून गेलो असतो. नसतो गेलो. भांडलो असतो. पण निदान कशाशी भांडायचं ते तरी कळलं असतं. 'बघू'शी कसं भांडणार? तू बाई आहेस, तू सांग, 'बघू' म्हणजे काय?

तिच्या वडिलांनी मला जिन्यात पाऊल ठेवू नको म्हणून सांगितलं आहे. आता मीच ठेवणार नाही. तुमच्याकडे यायचं असेल तर तो जिना लागतो. तेव्हा मी येणार नाही, रागावू नकोस. मामांना सांग, प्रश्नचिन्ह मराठी कीबोर्डात नसतं, त्यासाठी थोडं फिरून यावं लागतं. पुढच्या पत्रात सविस्तर लिहितो. 'बसवा'चंही तेव्हाच लिहितो. आज नाही.

भाचा


२ फेब्रुवारी

प्रिय भडकू,

'बघू' म्हणजे 'नाही', फक्त समोरचा ओरडेल अशी भीती असताना म्हटलेलं. आता ते सोड.

इथे बरं नाही. आजार पसरला आहे. डॉक्टरांनी दंडावर लावायची पट्टी दिली, दुखणं कमी व्हायला. तीन-चार दिवसांनी बदलायची. त्याने झोप येते. मी पलंगाच्या कडेला बसून असते. काय करते म्हणशील तर काही नाही, बसून असते.

मागच्या मंगळवारी लाइट गेली. मशिन गप्प झालं. लाइट आल्यावर मी तुझं पत्र काढून सगळं पुन्हा केलं. टकटक, यादी, मराठी, 'करून पाहा'. सुरू झालं. आधीचं बोललेलं मात्र कुठे दिसेना. चहाचं, डॉक्टरांचं, सगळं गेलं. म्हटलं जाऊ दे, नवीन बोलतील.

पण त्या दिवसापासून हे भलतंच टाइप करतात. इंग्रजी अक्षरं येतात, ती पण शब्द नाहीत, नुसती कशीही. मध्येच मोठी, मध्येच लहान, मध्येच कंस. पहिल्यांदा मला वाटलं हात घसरला. पुन्हा तसंच. मी डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, पट्टीमुळे होतं असं, मन भरकटतं. विरोध करू नका, चूक दाखवू नका, उगाच घाबरतील. हो ला हो म्हणा.

म्हणून मी हो म्हणते. ते टाइप करून माझ्याकडे बघतात, मी स्क्रीनकडे बघून 'हो हो' म्हणते. मग ते पुन्हा छताकडे बघतात.

डोळ्यांवरून वाटत नाही मन भरकटलं असेल. पण डोळ्यांचं काय, ते पहिल्यापासून तसेच आहेत.

तू 'बसवा'चं लिहिणार होतास. घाई नाही.

मामी


८ फेब्रुवारी

मामी,

पट्टीचंच असणार. आमच्या मालकांच्या वडिलांनाही शेवटी असंच झालं होतं, मुलाला पोस्टमन समजायचे. तू हो म्हणतेस ते बरोबर करतेस.

मशिन चालतंय ना? मग झालं. 'बसवा'चं आता कशाला, पेनड्राइव्हवर चालतंय तोवर चालू दे.

मित्र म्हणाला, तारीख पुढच्या महिन्यातली आहे. खरं का? वर लोकांची ये-जा वाढली आहे का? तू जिन्याकडे कान देऊन ऐक आणि मला लिही. नको लिहूस. लिही.

भाचा


१ मार्च

प्रिय भडकू,

तू आला होतास, ते मी खिडकीतून बघितलं. ह्यांना खाली नेलं तेव्हा तू फाटकाशी होतास. मग सगळ्यांबरोबर गेलास आणि तिकडूनच परत गेलास. तुझी आई म्हणाली, त्याला वर ये म्हटलं तर म्हणाला जिना चढणार नाही. मी आईला म्हटलं, राहू दे. मला तेव्हा कशाचंच काही वाटत नव्हतं. अजूनही फारसं वाटत नाही. लोक येतात, बसतात, माझ्याकडे बघतात की आता ही रडेल. मी त्यांना पाणी देते.

वरची आली होती. दोन तास माझ्याजवळ बसली. तिचं बसणं मला आवडलं. लग्न याच महिन्यात आहे. तू लिही म्हणालास, म्हणून लिहिलं.

आता कामाचं. मशिन अजून चालू आहे. बंद करायचं धाडस होत नाही. बंद केलं तर स्क्रीनवरचं राहील का? मागच्या वेळी राहिलं नव्हतं. त्याला अर्थ काही नाही, पण शेवटी ह्यांच्या बोटांतून आलं आहे. म्हणून मी कागदावर उतरवून घेतलं, मोठं ते मोठं, लहान ते लहान. काही ओळींत एकच अक्षर आहे, त्या सोडल्या. या सहा उतरवल्या:

psbnrm ke

heCr

kaC Enx ualx

Kf[kr GI[

Pah Ele

vgmlx ua cduCt vkam

प्रत्येकीला मी 'हो हो' म्हटलं होतं. सहावीनंतर त्यांनी कीबोर्ड पोटावरून ढकलून दिला आणि भिंतीकडे तोंड केलं. त्यानंतर मी ठेवायला गेले तर हात मागे घेत. आठवड्याने ते गेले.

मला एवढंच सलतं की ते जाण्याआधीच गेले होते. शेवटचे दिवस मी कोणाजवळ बसले होते, कळत नाही. मला ओळखत होते का, तेही कळत नाही. डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले, सांगता येणार नाही.

तुला त्या मशिनमधलं कळतं. बंद कसं करायचं ते लिही.

मामी


६ मार्च

मामी,

हे पत्र उभं राहून वाचू नकोस. बस. मशिन बंद करू नकोस.

मामा भरकटले नव्हते. एक क्षणही नाही.

आमच्या दुकानात हे रोज होतं. मराठीत बिल करायला घेतो, कीबोर्ड इंग्रजीवर राहिलेला असतो. मी न बघता अर्धं बिल टाइप करतो आणि वर बघतो तर सगळं heC, ke, ua. मालक म्हणतात, 'बिल केलंस की शिव्या दिल्यास?' कळा त्याच असतात मामी. बोटं मराठीच टाइप करत असतात, मशिन फक्त त्यांना इंग्रजी समजत असतं. p च्या कळेवर मराठीत ज असतो. s वर एकाराची मात्रा. b वर व. n वर ल.

तुझं पत्र काल आलं. मी दुकानातल्या कीबोर्डवर मराठी लावलं आणि तू उतरवलेल्या अक्षरांच्या कळा एकेक करून दाबल्या. मालक मागे उभे होते. त्यांनी स्क्रीनवरून वाचलं, 'जेवलीस का,' आणि म्हणाले, 'कोणाला विचारतोस रे?' मी दुसरी ओळ दाबायला घेतली.

ओळी अशा आहेत.

जेवलीस का

पाणी

कोण आलं होतं

खिडकी उघड

झोप आता

यात भरकटलेलं काय आहे? ते तुला ओळखत होते. तू जेवलीस का, हे त्यांना कळायला हवं होतं. तू रात्रभर बसून असायचीस ते त्यांना दिसत होतं.

असं का झालं ते सांगतो. चूक मशिनची नाही आणि तुझी नाही. 'करून पाहा' म्हणजे तात्पुरतं. लाइट गेली की सिस्टीम सगळं विसरते, मामांनी टाइप केलेलं विसरते, तू मराठी जोडलंस तेही विसरते आणि पुन्हा इंग्रजीवर येते. 'बसवा' केलं असतं तर विसरली नसती. ते कसं करायचं हे मी पुढच्या पत्रात लिहिणार होतो. आणि कळफलकाचं 'एकदाच करायचं' असं लिहिलं होतं, ते बसवल्यावर खरं होतं, आधी नाही. तुझं फेब्रुवारीचं पत्र आलं त्यात सगळं होतं. लाइट गेली, इंग्रजी आलं. शाळेतल्या पोरानेही सांगितलं असतं. मी ते वाचलं आणि जिन्यात कोण येतंय ते विचारलं.

हे पत्र मी दोनदा फाडलं. तुला सांगावं की सांगू नये, कळत नव्हतं. न सांगितलं असतं तर तू म्हणत राहिली असतीस की ते आधीच गेले. सांगितल्यावर तुला काय वाटेल, ते मला माहीत आहे. मग सांगितलंच.

भाचा


११ मार्च

प्रिय भडकू,

बसून वाचलं. मग उठून भांडी घासली. मग पुन्हा बसून वाचलं.

'जेवलीस का'ला मी हो म्हटलं. जेवले नव्हते. 'पाणी'ला हो म्हटलं आणि जागची हलले नाही. तासाने नेहमीच्या वेळेला दिलं, तेव्हा भांड्यावर कसे तुटून पडले ते आता आठवतंय. 'कोण आलं होतं'ला हो. खिडकी बंदच राहिली, मला वाटायचं त्यांना वारा लागेल. 'झोप आता'लाही हो म्हटलं आणि बसून राहिले.

एकदा जरी म्हटलं असतं, अहो, इथे इंग्रजी येतंय, तरी त्यांनी तिथल्या तिथे सांगितलं असतं काय करायचं ते. टायपिस्ट माणूस. पण चूक दाखवू नका असं सांगितलं होतं. मी चूक दाखवली नाही.

तू स्वतःला बोल लावू नकोस, त्याला आता वेळ नाही. तू एक लबाडी केली आहेस, तिचं बघू. मी सहा ओळी पाठवल्या, तुझ्याकडून पाच आल्या.

तुला वाटलं मला मोजता येत नाही. तू कळांचं लिहिलंस, म्हणून मी दोन्ही कागद शेजारी ठेवून बसले. तिसऱ्या ओळीत ualx आहे, तिथे तू 'होतं' लिहिलं आहेस. म्हणजे ua म्हणजे 'हो'. आणि सहाव्या ओळीत दुसरा शब्द ua आहे. तो माझा 'हो' आहे. ते माझ्या 'हो'बद्दल काहीतरी बोलले आणि मग कीबोर्ड ढकलला.

पुढच्या शब्दात माझं डोकं चालेना, जोडाक्षर असावं. मी शेजारच्यांना विचारणार नाही. डॉक्टरांनाही नाही. तू सांग. गोड करून सांगू नकोस, मला ते कळतं. तुझ्या आईलाही तसंच करायची सवय आहे.

वरचीचं या वेळी तू विचारलं नाहीस.

मामी


१५ मार्च

मामी,

'नुसतं हो म्हणू नकोस.'

एवढंच आहे. मी त्याचं दुसरं काही करता येईल का म्हणून बराच वेळ बघितलं. एखादी कळ चुकली असेल, तू एखादं अक्षर लहानाचं मोठं केलं असेल. नाही. सगळी बरोबर आहेत. नुसतं. हो. म्हणू. नकोस.

त्यांना कळलं होतं की तू मन राखतेस. ते तुला कळू नये म्हणून मी ओळ गाळली. मला वाटलं, एवढं तरी माझ्या हातात आहे.

मी रविवारी येतोय. जिना चढून येतो. दारात कोणी भेटलं तर भेटलं.

भाचा


१७ मार्च

प्रिय भडकू,

तुझं पत्र सकाळी आलं. रविवारच्या आत तुला पोचावं म्हणून लगेच लिहिते.

ये. कोणी काही म्हणणार नाही. वरचे काका लग्नाच्या गडबडीत आहेत, त्यांना तू दिसणारही नाहीस. दिसलास तर नमस्कार कर आणि पुढे हो, तेवढं तुला जमेल. मशिन चालूच आहे. आल्यावर ते 'बसवा' करायचं की बंद करायचं, तू ठरव. मला आता त्यातलं काही लागत नाही.

ओळ वाचून मी रडले नाही. तुला वाटलं असेल रडेन. मला राग आला. किती दिवसांनी काहीतरी आलं आणि ते रागाचं निघालं. लग्न झाल्यापासून हा माणूस मला हेच ऐकवत होता. नवीन घर बघताना मी हो म्हटलं, तेव्हा हेच. ऑपरेशनला हो म्हटलं, तेव्हाही हेच. नुसतं हो म्हणू नकोस, तुझं काय ते सांग. आवाज गेला, हात गेला, इंग्रजी झालं, तरी शेवटचं वाक्य भांडणाचंच. भरकटलेला माणूस असा भांडत नाही. हे माझे होते. शेवटच्या दिवसापर्यंत माझेच होते आणि मी दुसऱ्याच कोणाजवळ बसल्यासारखी हो हो करत होते.

पत्र हातात घेऊनच मी आतल्या खोलीत गेले. पलंगावर चादर घडी करून ठेवली आहे. स्टुलावर ते मशिन चालू. शेजारच्या बाईला ऐकू जाईल, याचा विचार केला नाही. मोठ्याने म्हटलं, 'अहो, मग काय म्हणू? तुम्ही सांगा ना, काय म्हणू?'

मामी